एका सुताची चूक

ज्यांनी आयुष्यात कधी थापी किंवा हातोडा हातात धरलेला नाही, अशा माणसांनी बांधलेल्या घरात राहायला तुम्ही तयार व्हाल का? बँकेतला कारकून, शाळेतली शिक्षिका, कॉलेजची काही मुले आणि दोन-चार निवृत्त मंडळी मिळून दर शनिवारी भिंती उभ्या करतात, असे कोणी सांगितले तर आपण बहुधा हसू आणि 'नको रे बाबा' म्हणू. पण अशी घरे जगात हजारोंनी आहेत. त्यांत माणसे सुखाने राहत आहेत आणि त्यांतली काही घरे मोठ्या वादळातही टिकली आहेत.

हे कसे जमते, ते या लेखात पाहू. यात थोडी भूमिती आहे, थोडे पदार्थविज्ञान आहे आणि माझी स्वतःची एक चूकही आहे.

घामाची गुंतवणूक

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात अमेरिकस नावाचे लहानसे गाव आहे. या गावाजवळ क्लॅरन्स जॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४२ साली 'कोइनोनिया' नावाची सामुदायिक शेती सुरू केली. गोऱ्या आणि काळ्या माणसांनी एकत्र राहून काम करावे, हा त्यामागचा विचार होता. त्या काळी त्या भागात तो फारसा कोणाला मानवणारा नव्हता. पुढे मिलर्ड फुलर नावाचे वकील व उद्योजक आपली संपत्ती सोडून पत्नी लिंडा यांच्यासह तेथे आले. गरीब कुटुंबांना दान म्हणून घर द्यायचे नाही, तर नफा न घेता बांधून द्यायचे. त्या कुटुंबाने हप्त्याहप्त्याने किंमत फेडायची आणि त्या पैशातून पुढचे घर उभे करायचे, ही कल्पना तेथे आकाराला आली. १९७६ साली फुलर दांपत्याने 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' ही संस्था स्थापन केली.

या योजनेत एक अट महत्त्वाची आहे. ज्यांचे घर, त्यांनी स्वतः कित्येक शे तास बांधकामावर राबायचे. याला तेथे 'घामाची गुंतवणूक' अशा अर्थाचा शब्द आहे. उरलेले हात स्वयंसेवकांचे. त्यांना पगार नाही आणि अनुभवाची अटही नाही. काही जण मदत म्हणून येतात, तर काही जण काम शिकायला येतात. अमेरिकेत मजुरी महाग असल्याने घराची लहानसहान दुरुस्ती लोक स्वतःच करतात. ती शिकण्याची ही एक बिनफीची शाळाच झाली आहे.

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९८४ पासून पत्नी रोझलिन यांच्यासह अशा बांधकामांवर काम केले. त्यांना सुतारकामाची आवड होती. वयाच्या ९५ व्या वर्षीही ते हातोडा घेऊन कामावर आलेले लोकांनी पाहिले. २००६ साली त्यांचा हा उपक्रम आपल्या लोणावळ्याजवळ मळवली येथे झाला. देशोदेशींच्या स्वयंसेवकांनी स्थानिक कुटुंबांबरोबर तेथे १०० घरांचे काम केले.

ही कल्पना याहूनही जुनी आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, पियरे सेरेसोल या स्विस इंजिनियरने काही स्वयंसेवकांना घेऊन फ्रान्समधील व्हर्दनजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात घरे बांधायला सुरुवात केली. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भूकंप झाला, तेव्हा हेच सेरेसोल साथीदारांसह भारतात आले आणि भूकंपग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या कामात उतरले.

खिळा का वाकतो?

पंधराएक वर्षांपूर्वी पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी मी अमेरिकेतील एका लहान शहरात होते. तेथे अशाच एका गटाबरोबर मी काही महिने दर शनिवारी बांधकामावर जात असे. प्रयोगशाळेत माझी मोजमापे मायक्रोमीटरच्याही शंभराव्या भागापर्यंत चालत. त्यामुळे घराचे काम म्हणजे आपल्याला काय अवघड, असे मनात होते. पहिल्याच तासात मी ठोकलेल्या दहा खिळ्यांपैकी सात वाकले.

आमच्या गटाचे काम पाहणारे एक वृद्ध सुतार होते. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, हातोडा डोक्याजवळ धरायचा नाही, दांड्याच्या टोकाला धरायचा. दुसरी, सुरुवातीचे दोन-तीन घाव हलके घालायचे, खिळा थोडा आत गेला की मग जोर लावायचा.

दोन्हींमागचे विज्ञान सोपे आहे. दांडा जितका लांब, तितका हातोड्याच्या डोक्याचा वेग जास्त. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणजे वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. दुसऱ्या सूचनेचे कारण असे : लांब आणि बारीक खांबावर वरून दाब दिला तर तो चेचला जाण्याआधी वाकतो. हा वाकवणारा दाब किती, ते खांबाच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात ठरते. साडेतीन इंचांचा खिळा जवळजवळ पूर्ण बाहेर असताना तो असाच लांब, बारीक खांब असतो. तो अर्धा आत गेला की बाहेरची लांबी अर्धी होते आणि त्याला वाकवायला सुमारे चौपट जोर लागतो. नवशिक्या माणूस पहिलाच घाव जोरात आणि तोही तिरका घालतो. मग खिळा वाकणार नाही तर काय होईल?

सुतारबुवांना हे गणित माहीत नव्हते, पण नियम माहीत होता. कारागिराच्या ज्ञानाचे स्वरूप बहुधा असेच असते. त्यातले 'का' शोधायचे काम आपले.

चौकट आणि तक्ता

तेथील बहुतेक लहान घरे लाकडी सांगाड्याची असतात. वर एक आणि खाली एक आडवी पट्टी, आणि त्यांच्यामध्ये दर १६ इंचांवर एक उभा दांडा. या लाकडाला 'टू बाय फोर' म्हणतात, पण ते नावालाच २ इंच बाय ४ इंच असते. प्रत्यक्षात ते भरते दीड इंच बाय साडेतीन इंच. (नाव आणि माप यांची गल्लत करू नये, हा पहिल्याच दिवशीचा धडा!) भिंतीची ही चौकट जमिनीवर आडवी ठेवून जुळवतात. मग तिच्यावर ४ फूट रुंद आणि ८ फूट लांब प्लायवूडचे तक्ते ठोकतात आणि ती उचलून उभी करतात.

तक्ता ठोकण्याआधी चौकट काटकोनात आहे की नाही ते पाहावे लागते. त्यासाठी कोन मोजत बसत नाहीत, दोन्ही कर्ण मोजतात. समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत आणि कर्णही सारखे आहेत, तर तो आयत असलाच पाहिजे. हे आपण शाळेत शिकवतो. तेथे ते दर शनिवारी वापरले जाते.

पण तक्ता लावायचाच कशासाठी? वारा आत येऊ नये म्हणून, असे मला वाटत होते. खरे कारण वेगळे आहे. नुसती चौकट कितीही खिळे ठोकले तरी बाजूने ढकलली की कलते. आयताच्या चारही बाजूंची लांबी तशीच राहते, पण कोन बदलतात आणि आयताचा समांतरभुज चौकोन होतो. त्रिकोणाचे असे होत नाही, कारण तीन बाजूंच्या लांबी ठरल्या की तिन्ही कोन ठरतातच. तक्ता ठोकला की चौकटीचे कर्ण जणू पक्के बांधले जातात. वारा भिंतीला ढकलतो तेव्हा तो सगळा जोर तक्त्याच्या कडेने चौकटीत उतरतो. म्हणूनच तक्त्याच्या कडेला दर ६ इंचांवर आणि मधल्या भागात दर १२ इंचांवर खिळा मारण्याची पद्धत आहे. भिंतीचे खरे बळ त्या कडेच्या खिळ्यांत असते.

आता माझ्या चुकीकडे येऊ.

काठी आखूड पडली

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी १६ फूट लांबीच्या एका भिंतीच्या पट्ट्यांवर दांड्यांच्या खुणा करण्याचे काम माझ्याकडे आले. टेप एका टोकाला अडकवायची आणि १६, ३२, ४८, ६४ अशा खुणा करीत जायचे, असे सांगितले होते. टेप सारखी सुटत होती. मग मला एक युक्ती सुचली. १६ इंचांची एक काठी कापायची आणि ती पुढेपुढे ठेवत खुणा करायच्या. मोजणे नको, वाचणे नको. काम भराभर झाले. वरच्या आणि खालच्या पट्टीवर खुणा एकदमच केल्या असल्याने दांडे अगदी सरळ बसले. कर्णही सारखे भरले. मी खूष झाले.

पहिला तक्ता बसला. त्याच्या शेजारी दुसरा बसवताना कडेचे लाकूड जरा कमी आहे असे वाटले, पण कोणी थांबले नाही. तिसरा तक्ता ठेवला, तेव्हा त्याच्या कडेखाली लाकूडच नव्हते! खिळा मारला की तो सरळ हवेत जात होता.

काय झाले होते? करवतीच्या पात्याला स्वतःची जाडी असते. कापताना तेवढ्या लाकडाचा भुसा होतो. म्हणून रेघेच्या कोणत्या बाजूने पाते चालवायचे ते आधी ठरवावे लागते. मी ते चुकीच्या बाजूने चालवले. काठी १६ इंचांऐवजी एक सूत कमी भरली. आपल्याकडचे सुतार आणि गवंडी इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. एक सूत म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर.

आता हिशेब करा. दीड इंची दांड्याची रुंदी १२ सूत. दोन शेजारच्या तक्त्यांची कड त्याच्या बरोबर मध्यावर यावी लागते, म्हणजे प्रत्येक तक्त्याला खिळे मारायला ६ सूत लाकूड मिळते. माझी प्रत्येक खूण आधीच्या खुणेपेक्षा एक सूत जास्त सरकत होती. पहिला तक्ता ४८ इंचांवर, म्हणजे तिसऱ्या खुणेवर संपतो. तेथे चूक ३ सूत झाली आणि दुसऱ्या तक्त्याला निम्मेच लाकूड उरले. दुसरा तक्ता ९६ इंचांवर, म्हणजे सहाव्या खुणेवर संपतो. तेथे चूक ६ सूत झाली आणि तिसऱ्या तक्त्याला लाकूड उरलेच नाही. भिंतीच्या शेवटी, बाराव्या खुणेवर, ती १२ सूत, म्हणजे पुरता दीड इंच झाली होती.

सुतारबुवा रागावले नाहीत. दांड्याला शेजारी दुसरा दांडा जोडून ठिगळ लावता आले असते. पण आतल्या बाजूचे तक्तेही याच दांड्यांवर बसायचे होते आणि चूक पुढे वाढतच गेली होती. त्यांनी भिंत उघडायला सांगितली. खिळे उपटायला माझ्याबरोबर जी बाई बसली, तिचेच ते घर होते. ती आपल्या दोन मुलांना घेऊन तेथे राहायला येणार होती. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "आज सापडली ते बरंच झालं. आम्ही राहायला आल्यावर सापडली असती तर?"

त्या दिवशी आमचे तीन तास फुकट गेले, असे तेव्हा मला वाटले. आज तसे वाटत नाही.

चुका दोन प्रकारच्या

मोजमापात चूक होणारच. पण चुकांच्या दोन जाती आहेत. विद्यार्थ्यांना हा फरक प्रयोगवहीत लिहायला सांगितला जातो, पण तो क्वचितच अनुभवाला येतो.

समजा, प्रत्येक खूण करताना हात थोडा हलतो. कधी सूतभर पुढे, कधी सूतभर मागे. या चुका यदृच्छ, म्हणजे कशाही होतात आणि एकमेकींना काही अंशी मारतात. अशा सहा चुका साठल्या तर सर्वसाधारणपणे त्या सहाच्या वर्गमुळाइतक्या, म्हणजे अडीच सुतांच्या आसपास होतात. माझी चूक मात्र दर वेळी एकाच दिशेची होती. अशी चूक सहापट झाली की सहापटच भरते. हिला पद्धतशीर चूक म्हणतात. हिचा मोठा धोका असा, की त्याच काठीने पुन्हा शंभरदा मोजले तरी ती सापडत नाही. उलट उत्तर दर वेळी तेच येते आणि आपला विश्वास वाढतो!

माझ्या भिंतीचे पाहा. ओळंबा लावला असता तर दांडे सरळ दिसले असते. कर्ण सारखे होते. सगळ्या परीक्षांत भिंत पास झाली होती, कारण यांपैकी एकही परीक्षा त्या चुकीला स्पर्श करीत नव्हती. चूक सापडली ती तक्त्यामुळे, कारण तक्त्याचे माप माझ्या काठीवरून आलेले नव्हते. स्वतंत्र मापाशी ताडून पाहणे हाच पद्धतशीर चुकीवरचा उपाय आहे.

आणि मुळात एकाच टोकापासून मोजले असते, तर प्रत्येक खुणेची चूक तिच्यापुरतीच राहिली असती, पुढे साठली नसती. 'टेप एका टोकाला अडकवा' या साध्या सूचनेत एवढे शहाणपण होते.

वादळाने घेतलेली परीक्षा

तक्त्याची कड दांड्यावर आली नाही तर असे काय मोठे बिघडते? याचे उत्तर २४ ऑगस्ट १९९२ रोजी मिळाले. त्या दिवशी 'अँड्र्यू' नावाचे चक्रीवादळ अमेरिकेतील दक्षिण फ्लोरिडावर आदळले आणि हजारो घरे उद्ध्वस्त झाली. नंतरच्या पाहणीत असे दिसले, की अनेक घरांची छपरे उडाली ती लाकूड मोडल्यामुळे नव्हे. छपराचे तक्ते ज्या कैच्यांवर ठोकायचे, त्या कैच्यांना खिळे लागलेच नव्हते. कित्येक खिळे कैचीच्या शेजारून आरपार गेले होते. काही ठिकाणी खिळ्यांऐवजी यंत्राने मारलेल्या पिना होत्या. हे काम पगारी कामगारांनी, घाईत आणि वरून कोणी नीट न तपासता केलेले होते.

याच भागात स्वयंसेवकांनी बांधलेली हॅबिटॅटची घरे मात्र मोठ्या नुकसानीशिवाय उभी राहिल्याची नोंद झाली. याचे एक कारण गमतीने सांगितले जाते. कसबी कामगार जेथे दोन खिळे मारतो, तेथे नवशिक्या स्वयंसेवक खात्री नसल्यामुळे दहा मारतो. गमतीचा भाग सोडला तरी त्यात तथ्य आहे. नवख्या माणसाला आपल्या हातावर विश्वास नसतो, म्हणून तो विचारतो, पुन्हा मोजतो, आणि त्याच्या कामावर कोणाचे तरी लक्ष असते. शिवाय ज्याला त्या घरात झोपायचे आहे तो माणूस शेजारीच उभा असतो.

यावरून कसब नको, नवखेच बरे, असा अर्थ कोणी काढू नये. कसब म्हणजे हाताचा वेग, एवढेच आपण समजतो. वेग हा कसबाचा एक भाग झाला. काय तपासायचे, केव्हा तपासायचे आणि चुकले तर उघडायचे, हा दुसरा भाग. तो नवख्यालाही पहिल्या दिवसापासून शिकवता येतो.

ओळंबा, पाणसळ आणि गुण्या

आपल्याकडे घर विटांचे किंवा दगडांचे. हत्यारे बदलतात, तत्त्वे बदलत नाहीत. गवंड्याच्या पिशवीत काय असते ते पाहा. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेले वजन. गुरुत्वाकर्षणाची दिशा दाखवणारे याहून स्वस्त उपकरण नाही. पाणसळ पातळी दाखवते. लांबच्या दोन ठिकाणांची पातळी जुळवायची तर गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरतो, कारण नळीच्या दोन्ही तोंडांशी पाणी एकाच पातळीत राहते. गुण्या काटकोन दाखवतो. मोठ्या खोलीचा काटकोन काढायचा असेल तर एका बाजूवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजून तिरके अंतर ५ फूट येते का ते पाहतात. पायथागोरसचा व्यत्यास रोज सकाळी आपल्या गल्लीत वापरला जात असतो.

विटा लावण्याआधी भिजवतात, कारण कोरडी वीट मसाल्यातले पाणी शोषून घेते. बांधलेल्या भिंतीवर काही दिवस पाणी मारतात. सिमेंट वाळून घट्ट होते असे अनेकांना वाटते. वस्तुतः सिमेंटची पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होते, म्हणून पाणी कमी पडले तर भिंत कच्ची राहते. एका थरातले उभे सांधे खालच्या थरातल्या सांध्यांवर येऊ देत नाहीत, नाहीतर भिंतीला वरपासून खालपर्यंत सरळ तडा जायला वाट मिळते.

सांध्याकडे दुर्लक्ष झाले की काय होते, हे महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्यांतील हजारो माणसे घराखाली गाडली गेली. तेथील भिंती जाड, दगडमातीच्या होत्या आणि वर मातीचे वजनदार माळवद होते. भिंत जाड म्हणजे मजबूत, असा समज होता. पण ती भिंत एक नव्हतीच. बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मधे बारीक दगड व मातीची भर. या दोन थरांना आरपार बांधून ठेवणारे लांब दगड कित्येक भिंतींत नव्हते. जमीन हलली तशी थरांची फारकत झाली आणि माळवद खाली आले. नंतर घरांची मजबुती करताना असे आरपारचे बंध घालणे हा एक मुख्य उपाय होता. फ्लोरिडात जे खिळे चुकले, ते येथे चुकलेले दगड होते, असे म्हणता येईल.

मर्यादाही लक्षात घ्याव्या

अशा कामांवर दोन-चार महिने जाऊन कोणी गवंडी किंवा सुतार होत नाही. पाया, वीज आणि नळकाम ही कामे मला कोणी करू दिली नाहीत, आणि ते योग्यच होते. दूरच्या देशात आठवडाभर घरे बांधायला जाणाऱ्यांविषयी एक रास्त आक्षेप घेतला जातो. विमानाच्या भाड्यात जेवढे पैसे जातात, तेवढ्यात गावच्या गवंड्याला कित्येक दिवसांची मजुरी मिळाली असती. या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढेच म्हणता येईल, की शिकायचे असेल तर आपल्या गावातल्या घरावर, गावातल्या कारागिराच्या हाताखाली शिकावे.

आपल्याकडे याची सोय नाही असे नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाची कल्पना मांडली. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे आणि तिच्या शिबिरांत श्रमदान होते. पण या शिबिरांत बहुधा काय दिसते? मुले रांगेत उभी राहून घमेली पुढे देतात, गवंडी एका बाजूला भिंत बांधतो, आणि दोघांत बोलणे होत नाही. घाम येतो, शिकणे राहून जाते. गवंड्याला शिक्षक म्हणून बोलवावे, त्याला त्या दिवसाची मजुरी मानधन म्हणून द्यावी आणि ओळंबा मुलांच्या हातात द्यावा, एवढा बदल केला तरी पुष्कळ होईल.

वर्गात करून पाहा

१. पुठ्ठ्याच्या चार सारख्या पट्ट्या टाचण्यांनी जोडून चौकोन करा. बाजूने ढकला. मग एका कर्णावर पाचवी पट्टी जोडा आणि पुन्हा ढकला. त्यानंतर पट्टीऐवजी चौकोनावर जाड कागद चिकटवून पाहा.

२. दोरीवर समान अंतरावर खुणा करून १२ भाग पाडा आणि टोके जोडा. तिघांनी ती ३, ४ आणि ५ भागांवर धरून ताणली की मैदानावर काटकोन तयार होतो. त्याने वर्गाचे कोपरे तपासा. सगळे कोपरे गुण्यात निघतात का?

३. दहा मीटर पारदर्शक नळीत पाणी भरा. आत हवेचे बुडबुडे राहू देऊ नका. शाळेच्या व्हरांड्याच्या दोन टोकांची पातळी तपासा.

४. वर्गाचे दोन गट करा. एका गटाने कागदाच्या १० सेंटिमीटर पट्टीने फळ्यावर एकापुढे एक वीस खुणा कराव्या. दुसऱ्याने टेप एका टोकाला धरून दर १० सेंटिमीटरवर खुणा कराव्या. विसावी खूण दोन मीटरवर कोणाची येते ते पाहा. पहिल्या गटाच्या पट्टीतून एक मिलिमीटर गुपचूप कापून ठेवा. चूक कोणत्या जातीची, हे मुलांना खुणांवरूनच शोधू द्या.

शेवटच्या खेळात मुले चुकली तर लगेच सांगू नका. त्यांना त्याच पट्टीने पुन्हा मोजू द्या, पुन्हा तेच उत्तर येऊ द्या. कोणीतरी केव्हातरी म्हणेल, "बाई, पट्टीच तपासायला हवी." त्या मुलाला किंवा मुलीला पुढच्या शिबिरात ओळंबा धरायला द्या.